स्वतःशी बोलतानाही वाणीचं तप

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



चातुर्मास लागला की आपण उत्साहाने नेम घेतो. रोज एक अध्याय, अकरा माळा जप, सोमवारचा उपास. पहिले काही दिवस सगळं नीट चालतं. मग घरात कुणी आजारी पडतं, मुलांच्या परीक्षा येतात, दुकानात सणाची गर्दी वाढते आणि एक दिवस वाचन राहतं. ग्रुपवर बाकीचे "आजचा नेम पूर्ण" लिहीत असतात. आपण फोन बाजूला ठेवतो आणि मनात सुरू होतं, "तुझ्याच्याने काही व्हायचं नाही. एवढंसुद्धा जमत नाही, कसली भक्ती तुझी!"

या बोलण्याला आपण शिस्त समजतो. गीता काय म्हणते ते पाहू.

सतराव्या अध्यायात भगवंतांनी शरीराचं, वाणीचं आणि मनाचं असं तीन प्रकारचं तप सांगितलं आहे. वाणीचं तप १५व्या श्लोकात येतं. बोलणं कसं असावं? उद्वेग न आणणारं, खरं, प्रिय आणि हिताचं. त्याच श्लोकात पुढे स्वाध्यायही आहे. म्हणजे पोथी वाचणं आणि असं बोलणं, दोन्ही मिळून एकच तप. आणि दिवसभरात आपलं सगळ्यात जास्त बोलणं होतं ते स्वतःशीच.

आता वरचं वाक्य या चार कसोट्यांवर घासून पाहा. उद्वेग येतो का? येतो. खरं आहे का? वीस दिवस वाचन झालं, एक दिवस राहिलं. मग "काहीच होत नाही" हे खोटंच. प्रिय तर नाहीच. हिताचं? असं ऐकून घेतलेलं मन दुसऱ्या दिवशी पोथीजवळ जायलाच कचरतं.

१६व्या श्लोकात मनाच्या तपात प्रसन्नता आणि सौम्यपणा आहे. १९व्यात मूढ हट्टाने, स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला तामस म्हटलं आहे. डायबेटीसच्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न विचारता केलेला कडक उपास यातच मोडतो.

कुणी विचारेल, मग आळसाला मोकळीकच की! तसं नाही. "राहू दे, काय फरक पडतो" हे कानाला प्रिय लागेल, पण हिताचं नाही. चारही कसोट्या एकत्र लावायच्या.

*या आठवड्याचा अभ्यास*

१. आपल्या नेमाचं लहान रूप आजच ठरवा. अध्याय नाही जमला तर पाच ओव्या, अकरा माळा नाहीत तर एक.

२. नेम राहिला की मनात आलेलं वाक्य वहीत लिहा. चार कसोट्या लावून ते पुन्हा लिहा. उदा. "काल आईंना बरं नव्हतं म्हणून वाचन राहिलं. आज दिवा लावल्यावर पाच ओव्या वाचते."

३. राहिलेले अध्याय एकाच दिवसात उरकायचा हट्ट नको. आज जिथे आहात तिथून पुढे चला.

४. ग्रुपवर "आज राहिला" असंही मोकळेपणाने लिहा. उत्तरात कुणी उपदेश करू नये, नुसता नमस्कार पुरे.

रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून सतराव्या अध्यायातले १४ ते १९ श्लोक अर्थासह वाचावेत. मुलांनाही जवळ बसवा. अभ्यासात चुकल्यावर स्वतःशी कसं बोलायचं, हे तीही आपल्याकडे बघूनच शिकतात.

॥ शुभं भवतु ॥