फुकटचं कॅड कामाचं आहे का?

प्रश्न : माझं छोटं फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे. महागडं कॅड परवडत नाही. फुकटातलं चालेल का?

उत्तर : चालेल की! नुसती सपाट ड्रॉइंग हवी असतील तर लिब्रेकॅड पुरे. थ्रीडी पार्टसाठी फ्रीकॅड घ्या, पण १.० (नोव्हेंबर २०२४) किंवा त्यानंतरचंच. त्याआधीच्या आवृत्त्यांत मागचं एखादं माप बदललं की पुढची भोकं, फिलेट भलत्याच जागी जाऊन बसायची. सुरुवात साध्या एल-ब्रॅकेटपासून करा. स्केचमधल्या रेषा हिरव्या झाल्या की सगळी मापं बांधली गेली. मगच पॅड करून जाडी द्या. खरी कटकट डीडब्ल्यूजी फाइलींची. फ्रीकॅडला त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर लागतो. त्यापेक्षा गिऱ्हाइकाकडून डीएक्सएफ किंवा स्टेप फाइलच मागून घ्या.