वीज कंपनी बदलली तर घरात अंधार होईल का?

प्रश्न : आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो. एक नवी कंपनी सौर आणि पवन ऊर्जेची स्वस्त वीज देऊ करते आहे. सासूबाई म्हणतात, ढगाळ दिवशी अंधारात बसावे लागेल आणि कंपनी बुडाली तर पंचाईत. कंपनी बदलावी का?
– एक वाचक, टोकियो

उत्तर : सासूबाईंना सांगा, अंधार होणार नाही. १ एप्रिल २०१६ पासून जपानमध्ये घरगुती ग्राहकाला वीजविक्रेता निवडता येतो. तारा आणि खांब मात्र जुन्याच वाहिनी कंपनीकडे राहतात. सगळ्यांची वीज एकाच जाळ्यातून येते, बदलतो तो बिल पाठवणारा. तो बुडाला तरी वीज लगेच तुटत नाही, आधी नोटीस येते. ती जपानीत आहे म्हणून बाजूला टाकू नका; मुदतीत दुसरा करार करा.

जपायचे ते दराला. जपानचे जवळजवळ सगळे इंधन बाहेरून येते. जानेवारी २०२१ च्या थंडीत द्रवरूप नैसर्गिक वायू कमी पडला आणि घाऊक बाजारात एरवी दहा येनच्या आसपास असणारे युनिट २५० येनपर्यंत गेले. बाजारभावाशी जोडलेला करार केलेल्यांचे बिल पाहून डोळे पांढरे झाले! तसा करार टाळा. इंधन समायोजन आकाराला कमाल मर्यादा आहे का, मध्येच सोडल्यास दंड किती, हेही विचारा.

नवीकरणीय ऊर्जा अधिभार कुठल्याच कंपनीत चुकत नाही. २०१२ मध्ये तो युनिटला ०.२२ येन होता, २०२५-२६ साठी ३.९८ येन. जाहिरातीतल्या ‘स्वस्त’ दरात तो धरलेला नसेल, तर आधी बेरीज करा आणि मगच सही करा.