लिस्बन : दोन दिवसांची पायी भ्रमंती

प्रश्न : पती-पत्नीला लिस्बनसाठी दोनच दिवस मिळणार असून शहर पायी पाहायचे आहे; सुरुवात कोठून करावी?

उत्तर : सुरुवात बायशा या सखल भागापासून करावी, कारण १ नोव्हेंबर १७५५ चा भूकंप, त्यामागोमाग आलेली त्सुनामी आणि आग यांत उद्ध्वस्त झालेला हा भाग मंत्री पोंबाल यांच्या कारकिर्दीत काटकोनात छेदणाऱ्या सरळ रस्त्यांवर नव्याने वसवला गेला आणि तेथील भिंतींत ‘गायोला’, म्हणजे हादरे सोसणारा तिरप्या तुळयांचा लाकडी सांगाडा, बसवण्यात आला. पूर्वेच्या टेकडीवरील आल्फामा मात्र बऱ्याच अंशी बचावल्याने तेथील वळणावळणाचे बोळ आणि जिने आजही टिकून आहेत. हा फरक पायी चालणाऱ्यालाच खऱ्या अर्थाने उमगतो, म्हणून पहिला अख्खा दिवस या दोन वस्त्यांनाच देणे इष्ट. ‘कालसादा’, म्हणजे चुनखडीचे लहान दगड हाताने बसवून केलेली पदपथांची फरसबंदी, वर्दळीने गुळगुळीत झालेली असून पावसात फार निसरडी होते, तेव्हा चांगली पकड असलेले बूट हवेतच. शहराचा बेलें हा भाग बायशापासून पश्चिमेस सुमारे ६ किलोमीटर असल्याने दुसऱ्या दिवशी तेथे ट्रामने जावे. १५२४ मध्ये कोचीत निधन पावलेल्या वास्को द गामाची समाधी तेथील जेरोनिमस मठाच्या चर्चमध्ये आहे.