फिनलंड का हरलं?

प्रश्न : आमची मुलगी जर्मनीत असते. तिच्या नादानं आम्ही दोघंही दर मे महिन्यात युरोव्हिजन ही देशादेशांतली गाण्यांची स्पर्धा बघू लागलो. २०२३ साली फिनलंडच्या त्या हिरव्या बाह्यांच्या गायकानं सभागृह दणाणून सोडलं होतं. प्रेक्षकांची पसंतीही त्यालाच सर्वात जास्त होती, तरी जिंकलं स्वीडन. परीक्षकांना आधीच काही पढवलेलं असतं का? तुमच्या मते कोण जिंकायला हवं होतं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. फिनलंड.

त्या हिरव्या बाह्यांच्या कॅरियाचं 'चा चा चा' हे नुसतं धिंगाण्याचं गाणं आहे असं मानणाऱ्यांनी ते पुन्हा ऐकावं. युरोव्हिजनमध्ये गाणं तीन मिनिटांच्या आत संपवावं लागतं. तेवढ्यात हा माणूस एक अख्खी गोष्ट सांगतो. आठवडाभर राबलेला एक बुजरा गडी हातात पेला घेतो, आणि तो धीट होत जातो तसतसं संगीतही बदलतं. सुरुवातीचा गुरगुरणारा रॅप आणि मेटलचा दणका शेवटच्या टप्प्यात अचानक हलक्याफुलक्या नाचऱ्या चालीत शिरतो. गाण्यातला माणूस मोकळा झाला हे शब्द न कळताही कळतं, कारण ते चालीतच आहे. हे सगळं फिनिश भाषेत. रचनेला गुण द्यायचे तर ते अशा कामाला द्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

स्वीडनच्या लॉरीनचं 'टॅटू' वाईट होतं असं मी म्हणणार नाही. तिचा आवाज दांडगा आहे, सादरीकरण रेखीव होतं. त्या विजयानं ती ही स्पर्धा दोनदा जिंकणारी पहिली गायिका ठरली. पण २०१२ मध्ये तिनं ज्या 'युफोरिया'नं बाजी मारली, त्याच साच्यातलं हे गाणं होतं, आणि ती जुनी रचना कितीतरी ताजी होती. मी 'टॅटू'ला तिसरा क्रमांक दिला असता.

आता पढवण्याबद्दल. असले प्रकार झालेच नाहीत असं नाही. २०२२ च्या दुसऱ्या उपांत्य फेरीत सहा देशांच्या परीक्षकांच्या गुणांत संशयास्पद साम्य आढळलं. आयोजक असलेल्या युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियननं ते गुण बाद केले. पण २०२३ चा निकाल समजायला कारस्थान शोधावं लागत नाही, गुणपद्धत पाहिली की पुरे.

प्रत्येक देश गुणांचे दोन संच देतो, एक प्रेक्षकांचा आणि एक परीक्षकांचा. दोन्हींत पहिल्या गाण्याला १२, दुसऱ्याला १०, मग ८ पासून १ पर्यंत. फिनलंडला प्रेक्षकांकडून ३७६ गुण मिळाले, स्वीडनला २४३. परीक्षकांनी मात्र स्वीडनला ३४० आणि फिनलंडला १५० दिले. बेरीज ५८३ विरुद्ध ५२६. स्वीडन प्रेक्षकांकडेही दुसरं होतं, हे सहसा कुणी सांगत नाही. खरी तफावत परीक्षकांच्या यादीत होती, कारण तिथं दुसऱ्या आलेल्या इस्राएलचे गुण फक्त १७७ होते.

दोन्हीकडे गुण सारखेच, मग निकाल इतके वेगळे का? मत देण्याची रीत निराळी म्हणून. प्रेक्षकाला फक्त 'हो' म्हणता येतं. एखादं गाणं दहातल्या आठांना अजिबात सहन होत नसेल, पण उरलेले दोघं त्याच्यासाठी वेडे असतील आणि त्या आठांची मतं इतर गाण्यांत विखुरली असतील, तर पहिला नंबर त्या गाण्याचाच. परीक्षकाला मात्र अंतिम फेरीतल्या सगळ्या गाण्यांना क्रमांक द्यावे लागतात. त्यामुळे त्याची नावड मोजली जाते. समजा पाच परीक्षक आहेत, तर त्यांतल्या दोघांनी पहिलं आणि तिघांनी अठरावं ठेवलेलं गाणं मागं पडतं, सगळ्यांनी तिसरं-चौथं ठेवलेलं वर येतं. एखाद्याच परीक्षकाच्या नावडीचा फटका कमी व्हावा म्हणून २०१८ मध्ये गणित बदललं, तरी मूळ कल सुटलेला नाही. कुणालाच न खुपणाऱ्या, घोटीव गाण्याला परीक्षक मानवतात.

शिवाय तुम्ही शनिवारी बघता त्या सादरीकरणाला परीक्षकांनी गुण दिलेलेच नसतात. त्यांचं मत आदल्या संध्याकाळच्या रंगीत तालमीवर ठरतं. शनिवारी कुणाचा आवाज कितीही लागो वा फाटो, परीक्षकांच्या आकड्यांत फरक पडत नाही. ही गोष्ट मला सर्वात जास्त खटकते.

२०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं परीक्षकांचाच पहिला क्रमांक शेवटी विजेता ठरला. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडचा विजेता नेमो प्रेक्षकांच्या यादीत पाचवा होता. त्या वर्षी प्रेक्षकांचं पहिलं गाणं होतं क्रोएशियाच्या बेबी लझान्याचं 'रिम टिम टागी डिम'. ते ऐकताना कोकणातून मुंबईला निघालेला मुलगा डोळ्यांसमोर येतो. गाव सोडताना गाय विकणाऱ्या पोराची ही गोष्ट. क्रोएशियातली तरुण मुलं कामासाठी परदेशी जातात, त्यांची ओढाताण त्यात आहे, आणि ती रडगाणं न गाता नाचत सांगितली आहे. माझं मत त्यालाच होतं.

पण परीक्षक आणि प्रेक्षक कायम दोन टोकांना असतात असं समजू नका. २०१७ मध्ये कीव्हला पोर्तुगालचा सालव्हादोर सोब्राल उभा राहिला. नर्तक नाहीत, आगीचे लोळ नाहीत, बहीण लुइझानं लिहिलेलं एक शांत, जॅझच्या वळणाचं गाणं, तेही पोर्तुगीजमध्ये. परीक्षकांचे ३८२, प्रेक्षकांचे ३७६, एकूण ७५८. दोन्ही याद्यांत पहिला. १९६४ पासून स्पर्धेत असलेल्या पोर्तुगालचा तो पहिला विजय. प्रेक्षकांचा आकडा पाहिलात? कॅरियाला मिळाला तोच, ३७६. म्हणजे लोकांना फक्त दंगा आवडतो हा परीक्षकांच्या बाजूनं नेहमी होणारा युक्तिवाद टिकत नाही. लोकांना जीव ओतून केलेलं गाणं आवडतं, मग ते कुजबुजतं असो की गर्जणारं.

माझ्या आवडीचं आणखी एक गाणं म्हणजे २०२१ चं युक्रेनचं 'शुम'. गो-आ या चमूनं वसंत ऋतूला हाक मारणारी जुनी लोकगीतं घेतली, त्यांना इलेक्ट्रॉनिक ठेका दिला आणि लय अशी चढवत नेली की शेवटी बसून ऐकणं अवघड होतं. गायिकेचा आवाज शेतात, उघड्यावर लावतात तसा खडा, न घासलेला. प्रेक्षकांनी २६७ गुण दिले, परीक्षकांनी ९७, आणि गाणं पाचवं आलं. परीक्षकांची ही चूक मला २०२३ पेक्षाही मोठी वाटते.

चूक जुनीही आहे. १९५८ मध्ये, प्रेक्षकांच्या मताची सोयच नव्हती तेव्हा, इटलीच्या दोमेनिको मोदुन्योचं 'नेल ब्लू दिपिंतो दि ब्लू' तिसरं ठेवलं गेलं. पुढच्या वर्षीच्या पहिल्यावहिल्या ग्रॅमी सोहळ्यात त्याच ध्वनिमुद्रिकेनं दोन मोठे पुरस्कार नेले, आणि 'व्होलारे' म्हणून ते आजही जगभर गातात.

एवढं असूनही परीक्षक काढून टाकावेत असं मी म्हणणार नाही. फक्त लोकांच्या मतावर सोडलं की शेजारी देश एकमेकांना सांभाळून घेतात, स्थलांतरित मायदेशाकडे झुकतात, मतांसाठी मोहिमा चालतात. २०२५ पर्यंत एका पैसे भरण्याच्या साधनावरून २० मतं देता येत. ती मर्यादा २०२६ साठी १० वर आणली, आणि परीक्षक पाचाचे सात करून त्यांत १८ ते २५ वयाचे किमान दोघं असावेत असं ठरलं. दोन्ही बदल योग्य आहेत. माझी आणखी एक मागणी आहे : परीक्षकांनी शनिवारचंच गाणं ऐकून गुण द्यावेत.

तुमच्यासाठी एक कामाची माहिती. स्पर्धेत नसलेल्या देशांतल्या प्रेक्षकांनाही २०२३ पासून ऑनलाइन, कार्डानं पैसे भरून मत देता येतं. अशा सगळ्या देशांची मतं मिळून एका देशाइतकी धरली जातात. अंतिम फेरी आपल्याकडे शनिवारी मध्यरात्रीनंतर, रविवार उजाडण्याआधी साडेबाराला सुरू होते. स्वतःच्या भाषेत गाणाऱ्यांकडे जरा जास्त लक्ष द्या, अशी माझी विनंती. भाषेची अट १९९९ मध्ये उठली, तेव्हापासून २०२५ पर्यंत इंग्रजीचा आधार अजिबात न घेता जिंकलेली गाणी चारच आहेत : सर्बिया, पोर्तुगाल, इटली आणि युक्रेन.

आणि हो, आपण राहतो त्या देशाला मत देता येत नाही. त्यामुळे जर्मनीचं गाणं आवडलं तर तुमच्या मुलीचा नाइलाज आहे, तुम्ही मात्र सांगलीतून त्याला मत देऊ शकता.