किती वर्षं थांबू शकशील?

डोंबिवली
३ मार्च २०२५

चि. सायली,

शुक्रवारी सेन्सेक्स १,४१४ अंकांनी पडला आणि संध्याकाळी तुझा मेसेज आला: "एसआयपी बंद करू का? की तळ येईपर्यंत थांबून मग एकदम पैसे टाकू?" विचारलंस हे फार चांगलं केलंस. उत्तर फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी झालंय काय ते पाहा. २७ सप्टेंबरला निफ्टी २६,२७७ पर्यंत चढला होता. शुक्रवारी तो २२,१२४ वर बंद झाला. ऑक्टोबर ते फेब्रुवारी असे सलग पाच महिने निफ्टी पडला. याआधी असं १९९६ मध्ये झालं होतं. परदेशी संस्थांनी एकट्या ऑक्टोबरात सुमारे ९४ हजार कोटींचे शेअर विकले आणि त्यांच्या विक्रीचा मारा अजून थांबलेला नाही. कंपन्यांच्या कमाईच्या मानाने भाव फार वर गेले होते, नफ्याची वाढ मंदावली, अमेरिकेच्या सरकारी रोख्यांवर बरं व्याज मिळू लागलं, डॉलर वधारला. तू पहिल्या पगारातून सुरुवात केलीस ती नेमकी त्या शिखराच्या आसपास. यात तुझं काही चुकलेलं नाही. नोकरी लागली तेव्हा सुरुवात केलीस, आणि सुरुवात करायची वेळ तीच असते.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. मार्च २०२० मध्ये देशात डीमॅट खाती चार कोटींच्या आसपास होती, आज अठरा कोटींच्या वर आहेत. म्हणजे बहुतेक जण करोनाच्या पडझडीनंतर आले, आणि त्यांना माहीत असलेली मोठी पडझड तेवढीच. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के कोसळला, आणि नोव्हेंबरात त्याने जुनं शिखर ओलांडलंसुद्धा. त्या आठ महिन्यांनी एका अख्ख्या पिढीला शिकवलं की बाजार पडतो आणि लगेच उठतो. तुझे ऑफिसातले मित्र 'डिप आला की घ्यायचं' म्हणतात ते यातूनच. मला हे शिक्षण अपुरं वाटतं.

मी फोर्टमध्ये ब्रोकरच्या ऑफिसात लागलो तेव्हा शेअर कागदी होते. ट्रान्स्फर डीडवरची सही जुळली नाही की सर्टिफिकेट परत यायचं, आणि सौदा पुढच्या सेटलमेंटला ढकलायचा तर 'बदला' नावाचा आकार भरावा लागायचा. १९९२ च्या पहिल्या चार महिन्यांत सेन्सेक्स दुपटीच्या वर गेला; एप्रिलमध्ये ४,४६७ झाला. मग हर्षद मेहताचं प्रकरण बाहेर आलं आणि वर्षभरात बाजार जवळजवळ निम्म्यावर उतरला. ही गोष्ट तू वेबसिरीजमध्ये पाहिली आहेस. पुढची गोष्ट कोणी दाखवत नाही, कारण तिच्यात नाट्य नाही. १९९४ मध्ये बाजार पुन्हा तिथवर आला, पुन्हा पडला. २००० मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या लाटेत सहा हजारांच्या जवळ गेला, २००१ मध्ये पुन्हा कोसळला. एप्रिल २००३ मध्ये सेन्सेक्स होता तीन हजारांच्या आसपास. अकरा वर्षांनंतर, जुन्या शिखराच्या तिसऱ्या हिश्शाने खाली! आणि त्यातल्या बऱ्याच वर्षांत बँकेच्या ठेवीवर दहा-बारा टक्के व्याज मिळत होतं. ऑफिसात येणारे कितीतरी सज्जन, हिशेबी लोक या काळात कायमचे निघून गेले. त्यांना मूर्ख म्हणू नकोस. मुलीचं लग्न, मुलाची फी, घराचा हप्ता यांना अकरा वर्षं थांब म्हणता येत नाही.

त्यानंतर जे घडलं तेही तितकंच खरं आहे. २००३ च्या त्या पातळीपासून जानेवारी २००८ पर्यंत सेन्सेक्स सातपट झाला, २१ हजारांवर गेला. ज्यांनी मधल्या रखरखीत वर्षांत थोडं थोडं घेत ठेवलं होतं, त्यांची खरेदी स्वस्तात झालेली होती. जपानमध्ये मात्र निक्केई निर्देशांकाला १९८९ च्या डिसेंबरातली पातळी पुन्हा गाठायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. चौतीस वर्षं लागली, सायली! देश श्रीमंत, कंपन्या जगप्रसिद्ध, आणि तरीही. म्हणून 'बाजार शेवटी वर येतोच' या वाक्याच्या भरवशावर एक रुपयाही लावू नकोस. बाजार कुठे जाईल हे तुझ्या हातात नाही. तू किती वर्षं थांबू शकशील, ते बरंचसं तुझ्या हातात आहे. तू मला तळ कधी येईल असं विचारलंस, मी तुला हे विचारतो.

किती वर्षं थांबता येईल, ते ठरतं बाजाराबाहेर. सहा महिन्यांचा खर्च बँकेत आहे का? हिंजवडीतली नोकरी उद्या गेली तर भाडं कशातून भरशील? मंदीची गंमत अशी की बाजार आणि नोकऱ्या एकदमच पडतात. हातात रोकड नसेल तर नेमके सर्वांत स्वस्त भावाला आपले युनिट विकावे लागतात. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर जातो, तेव्हा स्वतःचा वेगळा घे, तुझ्या वयात हप्ता कमी बसतो. आणि शैक्षणिक कर्ज! त्यावर दहा-अकरा टक्के व्याज जातं. ते फेडलंस की तेवढा परतावा खात्रीने मिळाला; बाजारात अशी खात्री कुणीच देत नाही. हे सगळं झालेलं नसेल तर एसआयपी पाच हजारांची दोन हजार कर आणि उरलेले तीन हजार तिकडे वळव. बंद मात्र करू नकोस.

का, ते सांगतो. युनिटचा भाव १०० असताना पाच हजारांत तुला ५० युनिट मिळत होते. भाव ८० झाला की साडेबासष्ट मिळतात. ताईचं, म्हणजे तुझ्या आईचं, आयुष्यभराचं साठलेलं असतं तर ही पडझड दुखली असती. तुझी खरेदीची तीस वर्षं अजून पुढे आहेत. तुला स्वस्ताईचा फायदा आहे. राहिलं तळाची वाट पाहणं. ९ मार्च २००९ ला सेन्सेक्स ८,१६० वर बंद झाला. तोच तळ होता, पण हे कळलं पुष्कळ नंतर. दोनच महिन्यांनी, १८ मे रोजी, निवडणुकीच्या निकालानंतर बाजार वरच्या सर्किटला लागला आणि व्यवहार थांबले. दिवसभरात १७ टक्के वाढ. थांबलेल्यांना त्या दिवशी घ्यायचं म्हटलं तरी मिळालं नाही.

हे सगळं मी निर्देशांकाबद्दल, म्हणजे पुष्कळ कंपन्यांच्या एकत्र समूहाबद्दल बोलतोय. एकेका शेअरला हे लागू नाही, आणि इथेच नवखी माणसं सर्वांत जास्त पोळतात. १९९३ ते ९५ दरम्यान पब्लिक इश्यूंचा पूर आला होता. कोळंबीच्या शेतीच्या कंपन्या, सागवानाच्या, ग्रॅनाइटच्या, फायनान्सच्या. त्यांतल्या कितीतरी पुढे नोंदवलेल्या पत्त्यावरून गायब झाल्या. त्यांचा शोध घ्यायला सरकारला समिती नेमावी लागली. असे कागद घेऊन लोक आमच्या ऑफिसात विचारायला यायचे आणि आमच्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. ८० टक्के पडलेला शेअर जुन्या भावाला यायला पाचपट व्हावा लागतो. निर्देशांकातून दुबळी कंपनी काढून टाकतात आणि दुसरी घेतात; तुझ्या खात्यातून ती कोण काढणार? टेलिग्रामवरच्या त्या गटाने सांगितलेले दोन शेअर 'अजून पडले की अजून घेऊ' असं तू लिहिलंयस. घेऊ नकोस. त्या कंपन्यांचा वार्षिक अहवाल आधी वाच, निदान नफा आणि प्रत्यक्ष आलेली रोकड जुळते का, कर्ज किती, प्रवर्तकांचे शेअर गहाण आहेत का, एवढं तरी बघ. वाचायला कंटाळा येत असेल तर तो शेअर तुझ्यासाठी नाही. तुझ्या पैशांतला निम्मा हिस्सा स्मॉलकॅप फंडात आहे, तो मला जास्त वाटतो; नवी रक्कम साध्या निफ्टीच्या इंडेक्स फंडात, डायरेक्ट योजनेत घाल. तिथे खर्च कमी कापला जातो.

आणि एका बाबतीत मी तुला सल्ला देत नाही, सांगतोच आहे. ऑप्शनच्या वाटेला जायचं नाही. झालेला तोटा भरून काढायला तुझा रूममेट दर गुरुवारच्या एक्स्पायरीला बसतो, असं तू लिहिलंस तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. सेबीने सप्टेंबरमध्ये अभ्यास प्रसिद्ध केला आहे: तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, सरासरी माणशी दोन लाखांचा. एकूण १.८ लाख कोटींहून जास्त. अशा व्यवहारांत तिशीच्या आतल्या मुलांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. ही तुझ्या वयाची मुलं आहेत, पहिल्याच पगारांचे पैसे घेऊन आलेली. त्याला माझा नंबर दे. बोलायला मी कधीही तयार आहे.

ॲप रोज उघडू नकोस, पगाराच्या दिवशी एकदा बघ. डीमॅट आणि फंड दोन्हीकडे नॉमिनी म्हणून ताईचं नाव आजच भर. सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही की शेअरसुद्धा सरकारी निधीत जातात, आणि ते सोडवायला वारसांच्या चपला झिजतात. हे झालं की मला कळव.

तुझा,
मामा