हिरड्या आणि वय

म्हातारपणी दात पडावयाचेच, असे आपण सहज म्हणतो. परंतु सारा दोष वयाचा नव्हे, असे आम्हांस वाटते. डेन्मार्कमधील हाराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे थांबविले. बहुतेक विद्यार्थीच ते! १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. दात पुन्हा स्वच्छ होऊ लागताच सुमारे आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. आहारात ‘क’ जीवनसत्त्व नसल्यास हिरड्यांतून रक्त येते खरे, व त्यावर आवळा, पेरू गुणकारी. पण दाताच्या मुळाशी साचलेला जंतूंचा चिकट थर आवळ्याने निघत नाही. तो काही दिवस तसाच राहिला की त्याचे कीटण बनू लागते. सूज खोल उतरल्यास आतले हाड झिजते, दात हलू लागतो. सुजलेली हिरडी सुधारते. झिजलेले हाड मात्र घासण्याने भरून येत नाही.