सोन्यावरचा सहा अक्षरी कोड आणि स्पंद लेझर



घरात नुकतीच घेतलेली सोन्याची अंगठी असेल, तर मुलांना भिंगातून तिची आतली बाजू दाखवा. बीआयएसचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा (२२ कॅरेटला ९१६) आणि अंक-अक्षरं मिळून सहा खुणांचा एचयूआयडी कोड दिसेल. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांना हा कोड सक्तीचा आहे. तो लेझरने कोरतात, आणि हा लेझर बहुधा स्पंद फायबर लेझर असतो, म्हणजे सलग झोत न सोडता प्रकाशाचे ठोके मारणारा.

आता गंमत बघा. अशा मशीनची सरासरी शक्ती असते जेमतेम २० वॅट. मग सोनं कसं कोरलं जातं? इथे नववीतलं सूत्र आठवा: शक्ती = कार्य / काळ. समजा सेकंदाला २०,००० स्पंद सुटतात. प्रत्येकाच्या वाट्याला ०.००१ ज्यूल ऊर्जा आली. पण स्पंद टिकतो फक्त १०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग. भागाकार करा, उत्तर येतं १०,००० वॅट! ऊर्जा तेवढीच, वेळ आखडला. उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत तेवढ्या ठिपक्यातला धातू उडून जातो, बाकी अंगठी शाबूत. (हे गणित फळ्यावर मुलांकडूनच करून घ्या, सांगून टाकू नका.)

हा प्रकाश तयार होतो काचेच्या बारीक तंतूत. तंतूच्या गाभ्यात इटर्बिअम हे मूलद्रव्य मिसळलेलं असतं. लेझर डायोड त्यात ऊर्जा भरतात. उजनीची दारं बंद ठेवून पाणी साठवावं आणि एकदम दार उघडावं, तसा साठा क्षणात सोडला की झाला स्पंद.

सोलापूरची मुलं विचारणारच, 'सर, याने चादर कापता येईल का?' नाही हो. या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे १०६४ नॅनोमीटर. ती धातूला मानवते, पण साध्या सुती कापडात फारशी शोषली जात नाही. कापडाला कार्बन डायऑक्साइड लेझर लागतो, त्याची तरंगलांबी जवळपास दसपट.

विज्ञानात स्पंद याहून कितीतरी आखूड लागतात. १९८५ साली डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी स्पंद आधी लांब ताणला, मग वर्धित केला आणि पुन्हा आवळला. ताणायला वापरला १.४ किलोमीटर लांबीचा प्रकाशतंतूच! त्यासाठी २०१८ मध्ये नोबेल मिळालं.

एक गोष्ट मात्र शिकवायची राहू देऊ नका. कोरताना दिसते ती ठिणगी तापलेल्या धातूची, लेझर नव्हे. लेझर अवरक्त आहे, डोळ्याला दिसतच नाही, म्हणून पापणीही मिटत नाही. परावर्तित झोतसुद्धा थेट दृष्टिपटल जाळू शकतो, आणि ती इजा भरून येत नाही. छोट्या दुकानांत मशीन उघडंच असतं आणि मुलं वाकून बघतात. वर्ग घेऊन जाणार असाल, तर मशीनला झाकण आहे का आणि १०६४ नॅनोमीटरचे चष्मे प्रत्येकाला मिळतील का, हे आधी फोन करून विचारा. उन्हाचा गॉगल इथे काही कामाचा नाही.